मानवशास्त्र शिकायला मुंबई का सोडायची?

मुंबईत बारावी झालेली मुलगी घरी म्हणाली, ‘मला मानवशास्त्र घ्यायचंय,’ की पहिला प्रश्न येतो, ‘यूपीएससी करणार का?’ प्रश्न अगदीच गैरलागू नाही. माणसाचे समाज, चालीरीती आणि शरीर यांचा अभ्यास करणाऱ्या या विषयाचं, अँथ्रोपॉलॉजीचं, नाव आपल्याकडे सर्वांत जास्त घेतलं जातं ते स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये. अडीचशे गुणांचे दोन पेपर, आटोपशीर अभ्यासक्रम, आकृत्या काढून गुण वाढवायची सोय. म्हणून इंजिनिअर झालेली मुलं ‘अँथ्रो’ घेतात, नोट्स घोकतात, आणि मुख्य परीक्षा संपली की त्या नोट्स पुढच्या बॅचला विकतात. ज्यांना अधिकारी व्हायचं नाही, अठराव्या वर्षी हा विषय मुळापासून शिकायचा आहे, त्यांची मुंबईत पंचाईत आहे. इथल्या बहुतेक महाविद्यालयांत तो मुख्य विषय म्हणून नाहीच. समाजशास्त्राच्या एखाद्या पेपरात त्याची तोंडओळख होते, तेवढीच. दिल्लीत हंसराज कॉलेजात मानवशास्त्रात बी.एस्सी. ऑनर्स करता येतं. कोलकाता विद्यापीठाच्या विभागाने तर शंभरी ओलांडली आहे. मुंबईच्या मुलांना सांगितलं जातं की आधी दुसऱ्या कशात तरी पदवी घ्या, मग हौस असेल तर पुण्याला जा.

माझं म्हणणं सरळ आहे. मुंबईच्या पदवी महाविद्यालयांत मानवशास्त्र पहिल्या वर्षापासून शिकवलं गेलं पाहिजे, आणि मराठीतूनही. त्यासाठी संस्कृतीचं जतन, ज्ञानाची भूक वगैरे कारणं दिली जातात. ती खोटी नाहीत, पण मला पुरेशी वाटत नाहीत. या शहरात माणसाचं घर, त्याच्या मुलीचा प्रवेश, त्याच्या होडीची वाट या गोष्टी कुणीतरी त्याच्याबद्दल केलेल्या नोंदीवरून ठरतात, आणि नोंद करणाऱ्याला नोंद कशी करायची हे कुणीही शिकवलेलं नसतं. माझा मुद्दा तिथून सुरू होतो.

मुंबईला हा विषय परका मुळीच नाही. ‘अँथ्रोपॉलॉजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था इथे १८८६ साली निघाली आणि पुढे जीवनजी जमशेदजी मोदींसारख्या पारशी पंडितांनी तिचं काम दीर्घकाळ वाहिलं. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. १९२४ पासून त्याची सूत्रं गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये मूळचे मालवणचे, आणि केंब्रिजला शिकले ते रिव्हर्स आणि हॅडन या मानवशास्त्रज्ञांकडे. त्यामुळे मुंबईत ज्याला समाजशास्त्र म्हटलं गेलं त्याच्या पोटात मानवशास्त्रच होतं. जात, नातेसंबंध, महादेव कोळी, साधूंचे आखाडे हे घुर्ये यांचे विषय होते. इरावती कर्वे १९२८ साली इथूनच एम.ए. झाल्या. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास ऑक्सफर्डला जाण्याआधी इथेच शिकले. इरावतीबाई तर इथून बर्लिनला गेल्या आणि त्यांना मार्गदर्शक मिळाले ऑयगन फिशर, पुढे नाझींच्या वंशशुद्धीच्या विचाराचे एक आधारस्तंभ झालेले गृहस्थ. कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे, हे फिशर यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असं लिहिलं. परदेशात शिकायला गेलेल्या एका पंचविशीच्या मराठी बाईने आपल्या गाइडला हे सांगणं ही लहान गोष्ट नव्हती. आपल्याकडे त्यांची ओळख मात्र ‘युगान्त’च्या लेखिका इथेच संपते.

म्हणून ‘समाजशास्त्र आहेच की, वेगळं मानवशास्त्र कशाला?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. मी स्वतः उपनगरातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते, तेव्हा हा आक्षेप माझ्या पोटाशीही निगडित आहे. पण घुर्ये यांच्या परंपरेतला मजकूर अभ्यासक्रमात उरला आणि पद्धत गळून गेली, हे वर्गात रोज दिसतं. ‘जातीची वैशिष्ट्ये लिहा’, दहा गुण. विद्यार्थी सहा वैशिष्ट्यं लिहितो, बरोबर लिहितो, आणि तो राहतो त्या बिल्डिंगमध्ये भाड्याने खोली देताना सेक्रेटरी काय विचारतो, मासे शिजले की जिन्यात कोण नाक मुरडतं, ‘फक्त शाकाहारी कुटुंबांसाठी’ या पाटीमागे काय काय दडलेलं असतं, यातलं काहीही त्या सहा मुद्द्यांना चिकटत नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की तो जिना हीसुद्धा अभ्यासाची जागा आहे. मानवशास्त्राचा सगळा जीव या एका सवयीत आहे. माणसांमध्ये बराच काळ राहायचं, त्यांचं ऐकायचं, पाहिलेलं रोज लिहून काढायचं, आणि आपल्याला आधी वाटत होतं त्याच्याशी ते ताडून पाहायचं. ही सवय एम.ए.ला लावायला गेलं तर उशीर झालेला असतो. तोपर्यंत विद्यार्थ्याला आयती व्याख्या लिहायची सवय लागून गेलेली असते.

आता नोंदींकडे येते.

महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा दाखला घेऊन प्रवेश किंवा नोकरी मागणाऱ्याला पडताळणी समितीपुढे जावं लागतं. दाखल्याबद्दल शंका असली तर दक्षता पथक चौकशी करतं. या यंत्रणेची घडण सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली एका महाराष्ट्रातल्याच खटल्यात घालून दिली. वाद होता हिंदू कोळी की महादेव कोळी, म्हणजे अनुसूचित जमातीतला की नाही, आणि पणाला लागला होता वैद्यकीय प्रवेश. त्या निकालात पथकाने काय पाहावं याची यादी आहे: जमातीची मानवशास्त्रीय वैशिष्ट्यं, कुलदैवत, विधी, रूढी, लग्नाची पद्धत, मृत्यूनंतरचे संस्कार. म्हणजे एखाद्या ठाकूर किंवा महादेव कोळी मुलाच्या आयुष्याचा फैसला मानवशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर होतो. ती देतो तो मुलगा, ज्याच्या आजोबांनी गिरणीसाठी गाव सोडलं, ज्याच्या घरी गणपती आणि साईबाबा आहेत आणि कुलदैवताला शेवटचं कधी गेलो हे आईला विचारावं लागतं. तपासतो तो कर्मचारी, ज्याच्यापुढे जुन्या पुस्तकांतली वर्णनं असतात. एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवरचे तीन खंड १९२० ते १९२२ या काळातले. शंभर वर्षांपूर्वी साहेबाने लिहिलं तसं हा मुलगा जगत नसेल, तर तो आदिवासी नाही?

मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, सांगितलं की ही आप्तभावाची चाचणी, म्हणजे चालीरीती जमातीशी जुळतात का हे पाहणं, जिला सगळे ‘अॅफिनिटी टेस्ट’ म्हणतात, ती अंतिम कसोटी मानता येणार नाही. स्थलांतर झालं, संपर्क वाढला, तर चालीरीती बदलतात, म्हणून आधीच्या काळातली कागदपत्रं आणि इतर पुरावा यांच्याबरोबर तिचं वजन करावं. संस्कृती स्थिर नसते, हे मानवशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात शिकवलं जातं. आपल्याकडे ते शिकवलं जात नसल्यामुळे ते सांगायला तीन न्यायमूर्तींचं पीठ बसावं लागलं. खोटे दाखले घेणारे नाहीत, असं मी म्हणत नाही. भरपूर आहेत, आणि त्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा खाल्ल्या आहेत. पण खरं-खोटं ओळखणारा माणूस विषयात शिकलेला असावा, एवढी तरी अपेक्षा दोन्ही बाजूंनी करायला हरकत नसावी.

दुसरी नोंद घरांची. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत ‘परिशिष्ट दोन’ हा कागद म्हणजे सर्वस्व. त्यात नाव पात्र म्हणून आलं तर घर, अपात्र तर नशीब. सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये रकाने असतात: निवासी, वाणिज्य, पुरावा, वर्ष. धारावीच्या कुंभारवाड्यात मात्र सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांचं घर, चाक, माल वाळवायची मोकळी जागा आणि सामायिक भट्टी हे सगळं एकात एक गुंतलेलं आहे. बाई स्वयंपाक करता करता मडक्यांवर हात फिरवते ती जागा निवासी की वाणिज्य? भट्टी चार कुटुंबांची असेल तर ती कुणाच्या नावावर लावायची? वर पोटमाळ्यावर मुलगा-सून वेगळी चूल करून राहतात, ते एक कुटुंब की दोन? या प्रश्नांना रकान्यात जागा नसते, म्हणून सर्वेक्षण करणारा पोरगा, बहुधा कुठल्याशा एजन्सीने रोजंदारीवर घेतलेला बी.ए. किंवा बी.कॉम., त्याला जे सोपं वाटेल त्यावर टिक करतो. त्याचा दोष नाही. ‘कुटुंब’ म्हणजे काय हा मुळात अभ्यासाचा प्रश्न आहे, त्यावर जगभर ग्रंथ लिहिले गेले आहेत, हे त्याला तीन वर्षांच्या पदवीत कुणी सांगितलेलं नाही. त्याला वाटतं कुटुंब म्हणजे रेशनकार्ड.

तिसरं उदाहरण समुद्रातलं. कोस्टल रोडचा पूल वरळीच्या क्लीव्हलँड बंदरासमोरून जाणार होता आणि सुरुवातीच्या आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर होतं ६० मीटर. होडी काही मीटर रुंदीची, मग साठ मीटर कमी कसे, असं कागदावर कुणालाही वाटेल. वरळी कोळीवाड्यातले मच्छीमार सांगत होते की वारा आणि ओढ यांत होडी सरळ रेषेत जात नाही, ती वाहत जाते, पावसाळ्यात खांबावर आपटेल. त्यांनी दोनशे मीटर मागितले, काम अडवलं, आंदोलन केलं. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटरवर तोडगा निघाला. हे ज्ञान नाखव्यांकडे आधीपासून होतं, बंदरावर बसून ऐकलं असतं तर आराखडा काढायच्या आधीच कळलं असतं. आंदोलनाला लागलेला वेळ, पैसा आणि कडवटपणा हा न ऐकण्याचा खर्च आहे. मानवशास्त्राचा पदवीधर असता तर पूल बदलला असता, असं मी म्हणत नाही. इंजिनिअर ऐकतातच असं नाही. पण ऐकलेलं नीट लिहून, नकाशावर उतरवून समोर ठेवणारं कुणी पहिल्या बैठकीत असणं आणि नसणं, यात फरक आहे.

हे सगळं लिहिताना माझ्या डोक्यात आमच्याच कॉलेजांतले उपक्रम आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाखाली आता पदवीच्या विद्यार्थ्यांना फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट यांची क्रेडिट्स आहेत. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात पन्नास मुलं एका शनिवारी बॅनर घेऊन वस्तीत जातात, प्रश्नावली भरून घेतात, जिओटॅग केलेला फोटो काढतात, वडापाव खातात आणि परत येतात. फोटो नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलला लागतो. वस्तीतल्या बायका आता या फोटोंना सरावल्या आहेत. ‘उभं कुठे राहू?’ असं त्याच विचारतात. माझी एक वर्सोव्याची विद्यार्थिनी अशीच प्रश्नावली घेऊन स्वतःच्या आत्याकडे गेली. पहिलाच प्रश्न, ‘मासिक उत्पन्न किती?’ आत्या खो खो हसली. ‘दर्या काय महिन्याच्या महिन्याला पगार देतो का गं?’ मग तिने सांगितलं ते असं: जून-जुलैच्या बंदीत सुकवलेल्या मासळीवर आणि उधारीवर घर कसं चालतं, बर्फाचे आणि डिझेलचे पैसे कोण आधी घालतं, बाजारात बसायची जागा आईकडून मुलीकडे की सासूकडून सुनेकडे जाते, आणि घरातला पैशाचा बटवा पुरुषाच्या हाती का नसतो. मुलीने यातलं काहीच लिहिलं नाही, कारण फॉर्ममध्ये जागा नव्हती. तिने ‘रु. १०,००० ते १५,०००’ वर खूण केली. प्रोजेक्टला चांगले गुण मिळाले.

क्रेडिट्स आहेत, वेळ ठरलेली आहे, मुलं वस्तीत जातच आहेत. नाही ते एवढंच की लोकांकडे जायचं कसं हे शिकवणारा विषय. पोहायला न शिकवता पोरांना दरवर्षी विहिरीत सोडतो आहोत आणि काठावरून फोटो काढतो आहोत.

या विषयाविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप नोकरीचा नव्हे, इतिहासाचा आहे. मानवशास्त्र साहेबाचं हत्यार होतं. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावू पाहत होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसांना चोर ठरवलं. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या, तरी मुंबईच्या पुलाखाली झोपणाऱ्या पारध्याला आजही चोरी झाली की आधी उचलतात. भटक्या-विमुक्तांतल्या मुलाने ‘आमचा अभ्यास पुरे झाला’ असं म्हटलं तर त्याला उत्तर द्यायला माझी जीभ रेटत नाही.

तरीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या सेमिनारमध्ये, पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींच्या उगमावर निबंध वाचला. जातीचं मर्म सजातीय विवाहात आहे, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या चाली स्त्री-पुरुषांचं संख्येचं गणित जातीच्या कुंपणात बसवण्यासाठी आल्या, ही त्यातली मांडणी. म्हणजे जातीवरचा त्यांचा पहिला विद्वत्तापूर्ण निबंध मानवशास्त्राच्या वर्गातला आहे. पुढे १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनी घुर्ये यांनी दिलेली नाकाच्या मोजमापांची आकडेवारी घेतली आणि ती उलटी फिरवली: हे शास्त्र खरं मानायचं तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ज्या पट्टीने आपल्याला खालचं ठरवलं, तीच पट्टी हातात घेऊन त्यांनी मोजणाऱ्याचं गणित चुकीचं दाखवलं. परळच्या बीआयटी चाळीत राहिलेल्या माणसाने हे केलं. त्याच परळमध्ये, त्याच शहरात आज तो विषय पदवीला सहजासहजी घेता येत नाही, याला काय म्हणावं?

म्हणून मला वाटतं, हा डाग लपवू नये, पहिल्या सत्रातच शिकवावा. रिस्लेची पट्टी, सोलापूरची वसाहत, एन्थोव्हेनचे खंड, सगळं टेबलावर ठेवावं. आणि विषय ज्यांच्यावर लिहिला गेला त्यांच्या मुलांनी तो शिकावा: आरेच्या पाड्यावरच्या वारली मुलीने, कोळीवाड्यातल्या मुलाने, पालावरून आलेल्याने, धारावीतल्याने. इथे पदवीला मानवशास्त्र सहज मिळत नाही, आणि ज्यांना परवडतं ते मोठी फी भरून खासगी विद्यापीठांत, इंग्रजीतून शिकतात. म्हणजे पुन्हा बघणारे एका बाजूला आणि बघितले जाणारे दुसऱ्या बाजूला. सरकारी अनुदानाच्या महाविद्यालयात, मराठी माध्यमाच्या मुलांना हा विषय मिळाला तरच ती वाटणी मोडेल. वर्सोव्याची ती आत्या बोलली कोळी बोलीत. तिचं बोलणं इंग्रजीत वहीत उतरवताना निम्मं गळतं आणि उरलेलं गुळगुळीत होतं. नोंदवही मराठीत असावी, बोलीत असावी. शोधनिबंध नंतर कुठल्याही भाषेत लिहा.

धारावीत शेकडो विद्यार्थी पाठवायचा मात्र माझा मुळीच इरादा नाही. तिथले लोक प्रश्नांना विटले आहेत, आणि त्यांचं विटणं रास्त आहे. पहिलं वर्ष घरातच जावं. मी वर्गात अधूनमधून एक प्रश्न टाकते: ‘मामाच्या मुलीशी लग्न चालतं का?’ मराठी घरांतली बरीच मुलं लाजत ‘चालतं’ म्हणतात. उत्तर प्रदेशातली ‘छी, बहन है’ म्हणून उडतात. तमिळ मुलगी शांतपणे सांगते की तिच्या आजीचं लग्न आजीच्या मामाशीच झालं होतं. कोकणी मुस्लिम मुलगा म्हणतो, आमच्यात चुलत बहीणही चालते. पाच मिनिटांत अख्ख्या वर्गाला कळतं की ‘हे तर निसर्गतःच घाण’ असं जे आपल्याला वाटतं ते आपल्या गल्लीपुरतं असतं. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेचा जो नकाशा १९५३ साली मांडला, तो अंधेरीच्या एका वर्गात बाकांवर बसलेला असतो. मग त्यांना स्वतःच्या घराण्याचा तक्ता काढायला सांगावं, पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, चार पिढ्या. कागद भरला की दिसतं की सगळी लग्नं एकाच जातीत आहेत. काही तक्त्यांत एखादी आत्या गायब असते. विचारलं तर मूल म्हणतं, ‘तिने बाहेर लग्न केलं, तिचं नाव घरात घेत नाहीत.’ आंबेडकरांचा निबंध त्यानंतर वाचायला द्यावा, आधी नाही.

आणि हे फक्त रूढींपुरतं राहत नाही. मानवशास्त्राला शरीराचीही बाजू आहे, आणि मुंबईत ती शिकायला यावी इतकी सामग्री आहे. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हा दुर्मीळ रक्तगट १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी याच शहरातून जगापुढे आणला. सिंधी आणि लोहाणा समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त का, आदिवासी जिल्ह्यांत सिकलसेल का, पारशांमध्ये काही एन्झाइमची कमतरता का, या प्रश्नांच्या मुळाशी इतर कारणांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या आतल्या आत केलेली लग्नं असतात. केईएमच्या आवारात रक्ताच्या या विकारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तक्ता काढलेला विद्यार्थी तिथल्या डॉक्टरचं व्याख्यान ऐकेल तेव्हा जात आणि जनुक यांतला धागा त्याला दिसेल, आणि जात म्हणजे ‘रक्तातच असते’ या भंपक समजुतीचा नेमका कुठे घोटाळा आहे, तेही कळेल. कला आणि विज्ञान शाखांच्या भिंती पाडायच्या, असं नवं धोरण सारखं म्हणत असतं. या विषयात ती भिंत मुळातच नाही.

दुसऱ्या वर्षी शहरात बाहेर पडावं, पण फक्त गरिबांकडे जाऊ नये, एवढी माझी अट आहे. पुनर्विकासाच्या बैठकीत बसा. बिल्डरच्या सेल्स ऑफिसात ‘कम्युनिटी लिव्हिंग’ म्हणून काय विकलं जातं ते ऐका. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांचं काय झालं, धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडी, म्हणजे गावागावांची सामायिक वसतिस्थानं, कोण चालवतं, त्यांचे नियम काय, हे बघा. डबेवाल्यांवर मॅनेजमेंटवाल्यांनी भरपूर लिहून झालंय, त्यांच्या अचूकतेवर भाषणं झाली. पण मावळ-खेडच्या भावकीशिवाय ती साखळी उभी राहिली असती का, हा प्रश्न बोर्डरूमच्या स्लाइडवर येत नाही. आरेत आणि बोरिवलीच्या जंगलालगत वारली लोक वाघोबाला पुजतात. बिबट्याबरोबर शेजार करायचं त्यांचं शास्त्र आहे, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बिबट्याची क्लिप आली की काय होतं हेही तितकंच अभ्यासण्याजोगं आहे. दोन्ही बघा.

नोकरीचं काय, हे टाळता येणार नाही. या पदवीने थेट नोकरी लागेल, असं आश्वासन मी देणार नाही, जसं इतिहास किंवा तत्त्वज्ञानाच्या बी.ए.लाही कुणी देत नाही. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण आहे, पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, पण जागा थोड्या आणि त्याही वरच्या पदवीसाठी. खरी गरज इतरत्र आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचं मूल्यांकन आणलं. वनहक्क कायद्याच्या नियमांत दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं कथन पुरावा म्हणून चालतं. ते लिहून घेणारा कुणीतरी लागतो. सार्वजनिक आरोग्य, पुनर्वसन, ग्राहकांच्या सवयी समजून घेणाऱ्या कंपन्या, सगळीकडे ही कामं होतच आहेत आणि ती करणारे घाईत शिकून करत आहेत. ज्यांना यूपीएससी द्यायची त्यांनी जरूर द्यावी. निदान जमातींवरचा पेपर लिहिण्याआधी एक पाडा त्यांनी पाहिलेला असेल.

शिक्षक कुठून आणणार, ही खरी अडचण. एकदम स्वतंत्र विभागाची मागणी केली तर पदमंजुरीत ती वर्षानुवर्षं अडकेल. त्यापेक्षा आधी मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून सुरुवात करावी. तीन-चार शेजारच्या महाविद्यालयांनी मिळून एक शिक्षक घ्यावा, आणि फील्ड प्रोजेक्टची क्रेडिट्स त्याच्या हाती द्यावी. पुण्याच्या विभागातून आणि देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून शिकलेले, पण तासिका तत्त्वावर भलत्याच विषयांचे वर्ग घेत बसलेले तरुण या शहरात आहेत.

त्याहून अवघड वाटते ती परीक्षा. आमची विद्यापीठं मॉडेल उत्तरावर चालतात, आणि नोंदवहीला मॉडेल उत्तर नसतं. दोन विद्यार्थी एकाच मासळी बाजारात महिनाभर बसले तरी वेगवेगळं लिहितील आणि दोघंही बरोबर असू शकतील. माझा प्रस्ताव असा: वही अंतर्गत तपासावी, आणि तोंडी परीक्षेला दोन परीक्षक असावेत. एक विषयाचा, आणि दुसरा ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यातला. कोळीवाड्यावर लिहिलं असेल तर कोळीवाड्यातली एखादी बाई, रीतसर मानधन देऊन. विद्यार्थ्याने आपलं लिहिणं तिला वाचून दाखवावं. ती म्हणाली, ‘हे असं नसतं रे बाळा,’ तर गुण कापायचे की नाही, हे अभ्यास मंडळाने आधी ठरवावं लागेल. माझ्या मते कापू नयेत. विद्यार्थ्याला परत बाजारात पाठवावं आणि तारीख पुढची द्यावी.